सूर्यदेवाची रोमन नाणी : दुर्मीळ नेमकं कशाला म्हणायचं?

टांकसाळ (धागाकर्ता)

व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) एकच प्रश्न वारंवार येतोय : "सूर्यदेव असलेलं एखादं दुर्मीळ रोमन नाणं घ्यायचंय, कुठलं घेऊ?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागा काढतो. जाणकारांनी भर घालावी, पटणार नाही तिथे स्पष्ट सांगावं.

मूळ मुद्दा आधी मांडतो. रोमन नाण्यांवर सूर्यदेव, म्हणजे सोल, मुळीच दुर्मीळ नाही. चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळातली 'सोली इन्विक्टो कोमिटी' (अजिंक्य सोबती सूर्याला) असा लेख असलेली तांब्याची नाणी युरोपात आजही तीस-चाळीस युरोंत बऱ्या अवस्थेत मिळतात. दुर्मीळ असते ती सूर्याला दिलेली जागा. तो पुढच्या बाजूला आहे की मागच्या? एकटा आहे की सम्राटाच्या खांद्याला खांदा लावून? मालक आहे, सोबती आहे, की नुसता आकाशातला गोल? हे प्रश्न घेऊन संग्रह करायला बसलात तर 'दुर्मीळ' असं लिहिलेल्या पाकिटामागे धावावं लागत नाही.

सुरुवात प्रजासत्ताकापासून, म्हणजे रोमला सम्राट नव्हते त्या काळापासून. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून होता त्या काळात, इ.स.पू. २१७ ते २१५ च्या दरम्यान, रोमने उन्सिया नावाचं तांब्याचं छोटं नाणं पाडलं. त्यावर समोर पाहणारा सूर्याचा चेहरा आहे आणि मागे चंद्रकोर नि तारे. पुढे इ.स.पू. १०९-१०८ मध्ये मॅनियस अक्विलियसच्या चांदीच्या डिनेरियसवर किरणांचा मुकुट घातलेला सोल येतो, मागे दोन घोड्यांच्या रथात चंद्रदेवी लूना. इ.स.पू. ७६ च्या लुसियस लुक्रेशियस ट्रिओच्या डिनेरियसवर सूर्यामागे चंद्रकोर आणि सात तारे. ही सगळी नाणी मला फार प्रिय आहेत, कारण इथला सूर्य अजून कुणाचाही पाठीराखा नाही. तो फक्त सूर्य आहे.

इ.स.पू. ४२ मध्ये चित्र पालटतं. सीझरच्या खुनाला दोन वर्षं झालेली. सीझरचा साथीदार मार्क अँटनी आपल्या डिनेरियसवर एका बाजूला स्वतःचा चेहरा घालतो आणि दुसऱ्या बाजूला देवळात बसवलेला सूर्य. त्याच वर्षी टांकसाळ-अधिकारी लुसियस मुसिडियस लाँगसने समोरून पाहणारा सोल काढला. तो नीट उमटलेला मिळणं कठीण, कारण समोरच्या चेहऱ्याचं नाक सगळ्यात आधी झिजतं.

मग साम्राज्य. पूर्वेकडच्या पार्थियावर (आजच्या इराण-इराककडचं साम्राज्य) स्वारी करताना सम्राट ट्राजनने ११६ च्या सुमारास सूर्याचा अर्धपुतळा नाण्यावर घेतला, त्याच्यानंतरच्या हेड्रियनने गादीवर येताच 'ओरिएन्स' (उगवता) असा लेख घालून तोच घेतला. इथे सूर्य म्हणजे पूर्व दिशा, आणि पूर्व दिशा म्हणजे विजय.

खरा सूर्यकाळ सम्राट ऑरेलियनचा, २७० ते २७५. मोडकळीला आलेलं साम्राज्य त्याने पाच वर्षांत पुन्हा जोडलं, २७४ मध्ये रोममध्ये सोलचं भव्य देऊळ उभारलं, त्याच्यासाठी पुरोहितांचं स्वतंत्र मंडळ नेमलं आणि नाण्यांचीही फेररचना केली. त्याच्या 'ओरिएन्स ऑग' ('ऑग' म्हणजे ऑगस्टस, सम्राटाची पदवी) नाण्यांवर सूर्य उजवा हात उंचावून उभा, पायाशी बांधलेले कैदी. ही भरपूर मिळतात. पण एक तांब्याचं नाणं असं आहे की ते हातात यावं असं प्रत्येक सूर्य-संग्राहकाला वाटतं. पुढच्या बाजूला, जिथे सम्राटाचा चेहरा असायचा तिथे, सोल. भोवती लेख 'सोल डॉमिनस इम्पेरी रोमानी', रोमन साम्राज्याचा स्वामी सूर्य. सम्राट मागच्या बाजूला गेलाय आणि वेदीवर अर्पण करतोय. सम्राटाने आपली जागा देवाला दिली, असं सांगणारं नाणं रोमच्या इतिहासात फार थोडं. दुर्मीळ मी याला म्हणतो.

गोदाकाठ

सुंदर लेख. एक शंका. माझ्याकडे फिलिप नावाच्या सम्राटाचं नाणं आहे, डोक्यावर किरणांचा मुकुट स्पष्ट दिसतो. विकणाऱ्याने 'सूर्यदेव नाणं' म्हणूनच दिलं होतं. मग तो सूर्य की सम्राट?

टांकसाळ

गोदाकाठ, तो सम्राटच. किरणांचा मुकुट दिसला की सूर्य, हा समज विक्रेते मुद्दाम वाढवतात. नीरोच्या काळापासून हा मुकुट 'दुप्पट किमतीचं नाणं' ओळखायची खूण झाला : डुपॉन्डियस म्हणजे दोन अ‍ॅस (रोजच्या वापरातलं तांब्याचं नाणं), त्यावर मुकुट. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने जे नवं चांदीचं नाणं काढलं, ज्याला आज आपण अँटोनिनियानस म्हणतो, त्यावरही तोच मुकुट. मुकुटाचं सूर्याशी नातं आहेच, पण माणूस सम्राट आहे. ओळखायची सोपी रीत : भोवतीचा लेख वाचा. 'इम्प' (इम्परेटर, म्हणजे सम्राट) ने सुरू होत असेल आणि 'ऑग' ने संपत असेल तर चेहरा सम्राटाचा. सूर्य शोधायचा तर नाणं उलटा. हातात चाबूक किंवा गोल असलेला, अंगावर फक्त उपरण्यासारखं वस्त्र असलेला तरुण दिसला तर तो सोल.

मोझेलकाठची मृण्मयी

मी जर्मनीत ट्रिअरजवळ राहते, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या टांकसाळीच्या अंगणातच. त्यामुळे त्याच्याबद्दल थोडं.

३१० मध्ये इथे ट्रिअरला त्याच्यासमोर जे स्तुतिपर भाषण झालं ते आजही उपलब्ध आहे. त्यात त्याला गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सकडच्या) एका देवळात अपोलोचं दर्शन झाल्याचं सांगितलंय. साधारण तिथूनच सोल त्याच्या नाण्यांवर झपाट्याने वाढतो. लंडन, ट्रिअर, लिऑन, आर्ल, टिकिनम (इटलीतलं आजचं पाविया), रोम, सगळीकडच्या टांकसाळींत. नाण्याच्या तळाशी टांकसाळीची खूण असते : ट्रिअरची 'पीटीआर' किंवा 'बीटीआर', लंडनची 'पीएलएन', लिऑनची 'पीएलजी'. चित्र एकच, पण लंडनचा सूर्य सडपातळ, ट्रिअरचा दणकट, आणि रोममध्ये कधीकधी घाईत कोरलेला. हे फरक दिसायला लागले की माणूस सुटत नाही.

३१२ ची मिल्व्हियन पुलाची लढाई, ख्रिस्ती धर्माकडे वळणं, हे सगळं आपण शाळेत शिकतो. पण नाणी सांगतात की त्यानंतरही वर्षानुवर्षं सूर्य टिकून होता. ३१३ मध्ये टिकिनमला नऊ सॉलिडस (त्या काळचं सोन्याचं नाणं) वजनाचं सोन्याचं मोठं पदक पाडलं, त्यावर कॉन्स्टंटाइन आणि सोल यांचे चेहरे एकामागे एक, जुळ्या भावांसारखे. कॉन्स्टंटाइनच्या ढालीवरही सूर्याचाच रथ. ते आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ३२१ मध्ये त्याने सूर्याच्या वाराला, रविवारी, न्यायालयं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. तांब्याच्या नाण्यांवरून सोल ३१८ च्या सुमारास जातो, सोन्यावर ३२४-३२५ पर्यंत रेंगाळतो. त्यानंतर संपलं. संग्राहकाने हीच शेवटची काही वर्षं पाहावीत असं मला वाटतं. देव जाताना कसा जातो, ते इथे टप्प्याटप्प्याने दिसतं.

वाचाळ_वाचक

ऑरेलियनने २५ डिसेंबर २७४ ला देऊळ उघडलं आणि त्यावरूनच नाताळ आला, असं वाचलंय. नाण्यांवर ती तारीख असते का?

मोझेलकाठची मृण्मयी

नाण्यांवर तारीख नसते, आणि 'ऑरेलियनचं देऊळ २५ डिसेंबरला उघडलं' असं सांगणारं एकही प्राचीन साधन नाही. २५ डिसेंबरला 'अजिंक्या'च्या नावाने ३० रथशर्यती होतात अशी नोंद मिळते ती ३५४ च्या रोमन पंचांगात, म्हणजे ऐंशी वर्षांनंतर. ऑरेलियनने सुरू केलेले सूर्याचे खेळ दर चार वर्षांनी आणि ऑक्टोबरात होत. नाताळाच्या तारखेवर विद्वानांचे वाद चालू आहेत, पण निदान देवळाची तारीख म्हणून ती पक्की सांगू नये.

खडूफळा

टांकसाळ, तुमच्या लेखात एक मोठी फट आहे. एलागाबालस कुठे गेला? २१८ ते २२२ या काळात सिरियातल्या एमेसाच्या सूर्यदेवाचा हा चौदा वर्षांचा पुजारी सम्राट झाला आणि देवाची काळी शिळा रोमला घेऊन आला. त्याच्या नाण्यांवर चार घोड्यांचा रथ आहे, रथात माणूस नाही, शंकूच्या आकाराची शिळा आहे, तिच्यावर गरुड आणि भोवती छत्र्या! 'सांक्ट देओ सोली एलागाबाल' असा लेख. सोन्यात आणि चांदीत दोन्हीत आहे. आपल्याकडे पालखीत तांदळा मिरवणाऱ्या माणसाला हे नाणं बघून जे वाटेल ते युरोपियन संग्राहकाला वाटणार नाही. माझ्या मते ऑरेलियनचा सूर्य हा याच सिरियन सूर्याचा दुसरा अवतार. सिरियातल्या पामिराची बंडखोर राणी झेनोबिया ऑरेलियनपुढे हरली ती एमेसाजवळच, २७२ मध्ये, आणि ऑरेलियनला तिथल्या देवानेच मदत केली असं म्हणतात.

टांकसाळ

खडूफळा सर, एलागाबालसच्या शिळेला वेगळी पोस्ट द्यायची होती, ती तुम्ही माझ्यापेक्षा चांगली लिहिलीत. पण निष्कर्षाशी सहमत नाही.

एमेसाची ती दैवी मदत ज्या 'हिस्टोरिया ऑगस्टा' ग्रंथात येते तो दंतकथांनी भरलेला आहे. नाण्यांचा पुरावा त्याच्या उलट जातो. ऑरेलियनच्या सूर्याच्या नाण्यांवर ती शिळा नाही, शिळेवरचा गरुड नाही. त्याचा सूर्य हुबेहूब जुना रोमन सूर्य आहे : तरुण, किरणांचा मुकुट, उंचावलेला हात. 'अजिंक्य सूर्य म्हणजे पूर्वेकडून आयात देव' हे मत विसाव्या शतकात रूढ होतं. अभ्यासक स्टीव्हन हाइमान्स यांच्या २००९ च्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या प्रबंधाने त्यावर जोरदार आक्षेप घेतलाय. सूर्याची रोममध्ये अखंड पूजा होती असं त्यांचं म्हणणं. पामिराच्या लुटीने देऊळ सजवलं हे खरं, तिथे हेलिओस (ग्रीकांचा सूर्य) आणि पामिराचा देव बेल यांच्या मूर्ती ठेवल्याचं इतिहासकार झोसिमस सांगतो. पण लूट आणली म्हणजे देवही आणला असं होत नाही. हॅनिबलच्या काळातली ती उन्सिया मी आधी लिहिली ती याचसाठी.

खडूफळा

अखंड पूजा मान्य. पण तिसऱ्या शतकात अचानक एवढा जोर का, याचं उत्तर 'जुनाच देव' म्हणून मिळत नाही. सैन्यात सिरिया आणि डॅन्यूबकडचे लोक भरले होते, सम्राट त्यांच्यातूनच येत होते. सगळ्यांना आपला वाटेल असा देव हवा होता, आणि सूर्य कुणाला परका वाटत नाही. एवढं तरी मान्य कराल.

टांकसाळ

एवढं नक्की मान्य.

दादर_पश्चिम

आता आमच्यासारख्यांच्या कामाचं विचारतो. मुंबईच्या पावसाळ्यात ही तांब्याची नाणी टिकतात का? माझ्या एका नाण्यावर फिकट हिरवी पावडर आलीय. घरात सगळे म्हणतायत चिंच-मीठ लावून घास.

टांकसाळ

दादर, कृपया चिंच लावू नका! लिंबू नको, भांडी घासायची पावडर नको, टूथपेस्ट नको. सोळाशे-सतराशे वर्षांत तयार झालेला वरचा थर एकदा गेला की परत येत नाही. ऑरेलियननंतरच्या नाण्यांवर चांदीचा अगदी पातळ मुलामा असतो, आतल्या धातूत चांदी जेमतेम पाच टक्के. तो मुलामा चिंचेपुढे पाच मिनिटं टिकणार नाही.

फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने सुटणारी पावडर म्हणजे ब्राँझचा रोग : धातूत अडकलेलं क्लोराइड आणि हवेतली आर्द्रता यांचं काम. गडद, कडक, चकचकीत हिरवा थर मात्र निरोगी असतो, त्याला हात लावू नये. रोगट नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि पाणी बदलत राहा, याला आठवडे लागतात. मग पूर्ण कोरडं करून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल रंग बदललं की तापवून पुन्हा वापरता येतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काढा, ती पाकिटं कालांतराने चिकट हिरवा द्रव सोडतात. रोग फार पसरला असेल तर स्वतः प्रयोग न करता संवर्धकाला दाखवा.

गोदाकाठ

नाशिककरांसाठी : त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासून. तिथलं नाणेसंग्रहालय अवश्य पाहा. भर भारतीय नाण्यांवर आहे, पण खरं नाणं कसं दिसतं, ठसा कसा उठतो, कड कशी असते हे डोळ्यात बसवायला याहून चांगली जागा नाही.

हातमाग

खोटी नाणी कशी ओळखायची यावर लिहा ना. महागाची गोष्ट आहे.

टांकसाळ

हातमाग, थोडक्यात सांगतो. ओतीव नक्कल असेल तर पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांच्या खळग्या दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, आणि कडेला दोन साच्यांच्या जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण सापडते. वजन बघा : प्रजासत्ताकाचा डिनेरियस पावणेचार-चार ग्रॅमच्या आसपास हवा. फार हलका असेल तर एक तर ओतीव, नाहीतर प्राचीन काळातच तांब्यावर चांदी चढवून केलेला. दुसरा प्रकार मात्र स्वतःच संग्रहात ठेवण्यासारखा.

ठशाने पाडलेली नक्कल जास्त घातक. कार्ल विल्हेल्म बेकर नावाच्या जर्मन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे ठसे कोरले की मोठमोठे संग्राहक फसले. यावर एकच उपाय, तुलना. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओसीआरई हा मोफत कोश आहे, त्यात साम्राज्याच्या नाण्यांचा जवळजवळ प्रत्येक प्रकार नोंदवलेला आहे, अनेकांची छायाचित्रंही पाहता येतात. प्रजासत्ताकासाठी त्याच धर्तीचा सीआरआरओ. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडची नाणी ओरखड्यापर्यंत तंतोतंत सारखी दिसली, तर दोन्ही सोडा.

तिसरा धोका फारसा बोलला जात नाही : खरं पण झिजलेलं नाणं घेऊन सुईने सूर्याचे किरण, घोड्यांचे पाय पुन्हा कोरायचे. नाणं खरं, चित्र खोटं. भिंगाखाली खाच ताजी आणि तीक्ष्ण दिसते, भोवतालच्या थराशी तिचा रंग जुळत नाही.

अनघा_त्रि

मला इथे थोडं कडू बोलायचंय. ही नाणी येतात कुठून? जमिनीतून. आणि जमिनीतून नाणं उचललं की त्याच्यासोबतची माहिती नष्ट होते.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटला २०१० मध्ये फ्रोमजवळ एक मडकं सापडलं, त्यात ५२,५०३ रोमन नाणी होती, बहुतेक याच किरणमुकुटवाली. सापडवणाऱ्याने ते उपसलं नाही, थांबला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. म्हणून मडकं थराथराने रिकामं करता आलं. आणि कळलं काय, तर सगळ्यात उशिराच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट घोषित करणाऱ्या कारौसियसच्या नाण्यांपैकी बरीचशी वर नव्हती, मडक्यात खोल होती. म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेली ही पुंजी नव्हे, सगळी बहुधा एकाच वेळी ओतली. नवस? अर्पण? हा प्रश्न विचारता येतो तो केवळ त्या एका माणसाने फावडं थांबवलं म्हणून.

त्याच्या उलट उदाहरण : सीझरचा मारेकरी ब्रुटस याचं 'मार्चच्या पंधरा तारखे'चं (सीझरच्या खुनाचा दिवस) सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. पुढे मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं. मोठ्या नाण्यांत हे उघडकीला येतं. चाळीस युरोंच्या सूर्यात कोण बघतो?

टांकसाळ

अनघाताई, कडू नाही, आवश्यक आहे. माझा स्वतःचा नियम : जुन्या छापील लिलाव-सूचीत किंवा जुन्या संग्रहाच्या चिठ्ठीसह आलेलं नाणं, मग ते थोडं झिजकं असलं तरी, इतिहास नसलेल्या देखण्या नाण्यापेक्षा आधी. चिठ्ठी कधीच फेकायची नाही. ब्रिटनमध्ये घेत असाल तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये (लोकांना सापडलेल्या पुरावस्तूंची नोंद ठेवणारी तिथली योजना) नोंद झालेलं आहे का विचारा.

भारतातल्यांसाठी : शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. बाहेरून आणलेल्याची पावती आणि सीमाशुल्काचे कागद जपून ठेवा. शेतात, पायाच्या खोदकामात काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. सोनाराकडे नेऊ नका.

कार्ल्याची_वाट

महाराष्ट्रात सूर्याची रोमन नाणी सापडलीत का? तेरला रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं सापडली, कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती मिळाली, म्हणून विचारतोय.

खडूफळा

भारतात सापडलेली रोमन चांदी मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसची, तीही दक्षिणेत जास्त. सोल नाण्यांवर भरात आला तो तिसऱ्या शतकात, तेव्हा रोमची चांदी नावापुरती उरली होती. असली नाणी आपल्या व्यापाऱ्यांनी का घ्यावीत? त्यामुळे व्यापारातून आलेला सोल इथे शोधू नका.

पण चार घोड्यांच्या रथातला सूर्य आपल्याकडे दगडात आहे. लोणावळ्याजवळ भाजे लेण्यांत, एकोणिसाव्या क्रमांकाच्या विहारात. काही अभ्यासक ती ओळख मानत नाहीत, तरी बहुतेकांच्या मते तो सूर्यच. आणि नाण्यांवर हवा असेल तर वायव्येकडे बघा : बॅक्ट्रियाच्या (आजच्या अफगाणिस्तानाकडचं ग्रीक राज्य) प्लेटो नावाच्या राजाच्या चांदीवर इ.स.पू. दुसऱ्या शतकात हेलिओसचा चार घोड्यांचा रथ आहे, आणि कुषाण सम्राट कनिष्काच्या पहिल्या नाण्यांवर ग्रीक लिपीत 'हेलिओस'. थोड्याच काळात तिथेच, तशाच देवाला, 'मीरो' असं बॅक्ट्रियन नाव मिळतं.

वाचाळ_वाचक

शेवटचा प्रश्न. कॉन्स्टंटाइननंतरचा, जुन्या देवांकडे परतलेला ज्युलियन सम्राट सूर्यभक्त होता ना? त्याने तरी सोलला नाण्यावर परत आणलं असेल.

मोझेलकाठची मृण्मयी

नाही, आणि हेच आश्चर्य आहे. ज्युलियनने ३६२ मध्ये हेलिओस राजावर स्तोत्र लिहिलं, स्वतःला त्याचा भक्त म्हणवलं. पण त्याच्या मोठ्या ब्राँझ नाण्यावर बैल आहे, वर दोन तारे. सोल नाही. का, यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. बैल-नाणं त्यामुळेच मी माझ्या सूर्य-संग्रहात शेवटी ठेवलंय.

हातमाग

सगळं वाचलं, डोकं भरून गेलं. बजेट मर्यादित आहे. पहिलं नाणं कुठलं घेऊ?

टांकसाळ

सम्राट प्रोबसचं 'सोली इन्विक्टो' (अजिंक्य सूर्याला), २७६ ते २८२ मधलं. चार घोडे समोरून धावत येतायत, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मध्ये सूर्य हात उंचावून. महाग नाही. आणि पुढच्या बाजूला प्रोबस इतक्या रूपांत आहे की बघत राहावं : शिरस्त्राण आणि भाला घेतलेला, ढाल धरलेला, कॉन्सलच्या (रोममधलं सर्वोच्च पद) भरजरी वस्त्रात गरुडदंड घेतलेला. रोम, सिस्किया, सर्डिका, सायझिकस, प्रत्येक टांकसाळीचे घोडे वेगळे. घेताना घोड्यांची चारही डोकी उमटली आहेत का पाहा आणि चांदीचा मुलामा थोडा तरी शिल्लक असलेलं निवडा. घेण्याआधी फोटो आणि वजन इथे टाका, आम्ही सगळे बघू.